एका पौंडाची गंमत
इंग्लंडचे फुटबॉल मॅनेजर ब्रायन क्लफ २००४ साली गेले, पण त्यांचे किस्से अजून रंगतात. १९७९च्या फेब्रुवारीत त्यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टसाठी बर्मिंगहॅम सिटीचा ट्रेव्हर फ्रान्सिस घेतला. ब्रिटनमधला पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू! क्लफ मात्र सांगत, "मी ९,९९,९९९च मोजले, पोराच्या डोक्यात हवा जायला नको." अगदी आपली बाटाची किंमत! प्रत्यक्षात कर वगैरे धरून आकडा अकरा लाखांपुढे गेला होता. पण ती बेरीज कोण लक्षात ठेवतो? पत्रकारांसमोर ते स्क्वॉशची रॅकेट घेऊन आले, हे मात्र खरं. मे महिन्यात म्युनिकला युरोपियन कपची फायनल झाली. माल्मोविरुद्धचा एकमेव गोल फ्रान्सिसचा होता, तोही डोक्याने मारलेला.