चाकणची माती आणि जंजिऱ्याचे पाणी

चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार साऱ्यांना ठाऊक आहे. भोवतालचे कारखानेही ठाऊक आहेत. पण त्याच गावात एक जुना किल्ला आहे. रोज पाळीला जाणाऱ्या पुष्कळ मंडळींना त्याची खबर नसते. त्याचे नाव संग्रामदुर्ग. हा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. अशा किल्ल्याला भुईकोट म्हणतात. आज तेथे थोडा तट, पडके बुरूज आणि खंदकाची खूण एवढेच उरले आहे. घरे अगदी तटाला येऊन भिडली आहेत.

आम्ही पहाटे हा किल्ला पाहिला आणि त्याच दिवशी समुद्रातला जंजिरा पाहायला निघालो. एक किल्ला पडला, दुसरा पडला नाही. असे का झाले, ते डोळ्यांनी पाहायचे होते.

आधी चाकणची हकिकत ऐका. 1660 सालच्या जूनमध्ये औरंगजेब बादशहाचा मामा शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन येथे आला. किल्ल्यात शिवाजी महाराजांचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा होते. त्यांच्यापाशी माणसे तीन-चारशेच. वर पावसाळा! तरी त्यांनी किल्ला सुमारे 55 दिवस लढवला. मग खानाने सुरुंग लावला. सुरुंग म्हणजे काय? जमिनीखालून बोगदा खणायचा, तो बुरुजाच्या पोटाखाली न्यायचा, त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. डोंगरी किल्ल्याखाली कातळ असतो. तेथे असे खणणे फार जड जाते. भुईकोटाखाली माती असते. 14 ऑगस्टला बुरूज उडाला. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. फिरंगोजींना मोगलांनी चाकरी देऊ केली. ती त्यांनी नाकारली आणि ते महाराजांकडे परत आले.

चाकणहून पुणे, पुण्याहून ताम्हिणी घाट. वाटेत मुळशीचे धरण लागते. पाणी निळेशार दिसते खरे, पण त्याखाली शेतकऱ्यांची गावे आणि जमिनी बुडाल्या आहेत. त्यासाठी 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. घाट उतरला की हवा बदलते. अंगाला घाम सुटतो, नारळी-पोफळी दिसू लागतात. माणगाव, इंदापूर, तळा असे करत मुरूडकडे जायचे. गाडीत अंग आंबून जाते. एकदा तर गाडी इतकी रखडली, की होडी चुकणार असेच वाटले. किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या दिवसाउजेडीच चालतात. पावसाळ्यात तर त्या बंदच असतात. तेव्हा जाणाऱ्याने घरूनच वेळेची चौकशी करून निघावे.

राजपुरी गावाच्या धक्क्यावरून शिडाची होडी मिळते. समोर भर पाण्यात काळा तट उभा. बुरूज मोजत बसलो, पण दरवाजा काही दिसेना. होडी अगदी जवळ गेली तेव्हा तो दिसला. बांधणाऱ्याची अक्कल येथेच कळते. शत्रूला दुरून कळतच नाही की आत शिरायचे कोठून.

अरबी भाषेत बेटाला जझीरा म्हणतात. त्यावरून जंजिरा झाला. सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांनी हे बेट पिढ्यान् पिढ्या राखले. तटावर कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ आहे. पण आम्हाला तोफेपेक्षा आतली गोड्या पाण्याची दोन तळी मोठी वाटली. चहूकडे खारे पाणी, आणि मध्ये पिण्याचे पाणी! वेढ्यात सापडलेल्या माणसाला दारूगोळ्याआधी पाणी लागते, नाही का?

येथे सुरुंग खणणार कोठे? शिडी लावायची तीही डुलणाऱ्या होडीतून. लाय पाटील नावाच्या कोळ्याने एका रात्री तशी शिडी लावलीही, असे सांगतात. पण मागून येणारे मावळे वेळेवर पोचले नाहीत. उजाडायला लागले आणि शिड्या काढाव्या लागल्या. तरी महाराजांनी लाय पाटलाला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, मी दर्यावर फिरणारा, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला गलबतच दिले आणि त्याचे नाव पालखी ठेवले, असे म्हणतात.

जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी जवळच्याच कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. तो तटावरून दिसतो. पुढे 1682 च्या सुमारास संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून बेटापर्यंत वाट बांधायला घेतली. म्हणजे समुद्राचीच जमीन करायची! काम चालू असतानाच मोगल फौज कोकणात उतरली. महाराजांना परतावे लागले आणि वाट अर्धीच राहिली. जंजिऱ्याचे संस्थान शेवटी 1948 मध्ये भारतात विलीन झाले, तेही लढाईवाचून.

परतीच्या होडीत दाटी होती. मुंबईचे लोक होते, नाशिकचे होते, आमच्या चाकणच्या कारखान्यातलेही दोघे भेटले. संग्रामदुर्ग पाहिला का, म्हणून विचारले. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. तो कोठे आला, म्हणाले. आम्ही त्यांना बाजारापासूनची वाट सांगितली.