पळीभर भाताचे ऋण

धम्मपदाच्या अट्ठकथेत राध नावाच्या गरीब, वृद्ध ब्राह्मणाची कथा येते. तो श्रावस्तीच्या विहारात राहून गवत काढी, झाडलोट करी; परंतु त्याला प्रव्रज्या देण्यास कोणी भिक्खू तयार होईना. याचा काही उपकार कोणाला आठवतो काय, असे तथागतांनी विचारले. तेव्हा सारिपुत्तांना आठवले, की राजगृहात भिक्षाटन करताना याने आपल्याला पळीभर भात वाढला होता. तेवढ्या उपकाराखातर त्यांनी राधाला प्रव्रज्या दिली. पुढे तो अर्हत झाला.

पालीत आधी उपकार करणारा तो ‘पुब्बकारी’ आणि उपकार जाणून फेडणारा तो ‘कतञ्ञू कतवेदी’. जगात हे दोघेही दुर्मिळ, असे अंगुत्तर निकाय सांगतो.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनोळखी बांधवांना आम्ही पाणी देतो, जेवण वाढतो. ते पुन्हा भेटतीलच असे नाही. पण आमच्यापैकी कित्येकांच्या फीला, पुस्तकांना असेच परके हात लागले आहेत. त्या हातांचा पत्ता आज आम्हाला ठाऊक नाही. म्हणून ते ऋण पुढच्या गरजू विद्यार्थ्यापाशीच फेडावे लागेल. विद्यार्थी मित्रहो, सारिपुत्तांनी पळीभर भात लक्षात ठेवला. आपण निदान तेवढे तरी लक्षात ठेवू या.