दोरीच्या अलीकडे

घरटं सापडतं ते मागावरून. ऑलिव्ह रिडले मादी रात्री पुळणीवर येते, अंडी घालते आणि लगेच परत जाते. पहाटे गावातले कासवमित्र किनारा पालथा घालतात. पाण्यातून वर आलेला आणि परत गेलेला असा दुहेरी माग दिसला, की जिथं वाळू उकरलेली वाटते तिथं काठी हलकेच टोचून पाहतात. काठी सहज आत गेली, की खाली अंडी.

पुढचं काम हातांचं. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावतो. म्हणून शंभराच्या आसपास अंडी एकेक करून, वरची बाजू वरच ठेवत उचलायची. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी राखलेल्या जागेत, मूळ घरट्याएवढाच खोल, मडक्यासारखा तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद खड्डा तयार असतो. त्यात ती ठेवून वर वाळू लोटतात आणि तारीख नि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस. नर की मादी, हे त्या काळातली वाळूची ऊब ठरवते.

कोकणातल्या वेळास गावात हे काम चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनं 2002मध्ये सुरू केलं. त्याआधी इथली अंडी माणसं, कोल्हे, कुत्री यांच्या तावडीतून क्वचितच सुटत. आज कासवं बघायला येणाऱ्यांची राहण्याजेवण्याची सोय गावातल्या घरांतच होते. मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की कासव जगलं तर गावाला चार पैसे मिळतात.

पिल्लं सोडताना पाहुण्यांचं काम एकच, त्यांच्या वाटेलगत बांधलेल्या दोरीच्या मागं उभं राहणं. ते सोपं नाही. पिल्लांवरची टोपली उचलल्यावर खाली वळवळणारी काळपट पिल्लं दिसतात आणि मागची गर्दी पुढं रेटते. “दादा, फ्लॅश नको. ताई, मुलाला मागं घ्या,” कासवमित्र सांगत राहतात. पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, त्यामुळे मोबाइलचा एक दिवासुद्धा त्यांना भलतीकडे नेऊ शकतो. मी पाहिलेलं एक पिल्लू दोरीपुढं कुणीतरी उमटवलेल्या पावलाच्या खळग्यात अडकलं होतं. आपल्याला तो खळगा दिसतही नाही. ते कडेवर चढायचं, वाळू ढासळायची, पुन्हा चढायचं. कासवमित्रानं पिल्लाला हात लावला नाही, फक्त पुढची वाळू तळहातानं सपाट केली. पिल्लांना थेट पाण्यात सोडत नाहीत, ओल्या वाळूवरून स्वतःच चालू देतात.

आणि मोठी झाल्यावर ती जातात कुठं? ओडिशात 2021 साली टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, असं आता सरसकट म्हणता येत नाही.

पिल्लं पाण्यात गेली की बहुतेक पाहुणे न्याहारीला पांगतात. थांबता आलं तर थांबावं. सगळी पिल्लं निघून गेलेलं घरटं कासवमित्र नंतर उकरतात. रिकामी कवचं एकीकडे, न उबलेली अंडी दुसरीकडे, तळाशी एखादं अडकलेलं जिवंत पिल्लू असलं तर ते वेगळं. मग सगळं मोजून पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहतात आणि वहीत नोंदवतात.