अंधारात मागे राहणारा उजेड

नेमावरच्या घाटावरून नर्मदेत सोडलेला दिवा भर दुपारी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तोच तिन्हीसांजेनंतर दूरवर वाहत गेला तरी दिसतो. दिव्याचे तेज काही वाढलेले नसते, भोवतालचा उजेड तेवढा सरलेला असतो. शरीरातील रोगाची जागा शोधण्यासाठी शास्त्रज्ञ आज हीच युक्ती योजीत आहेत.

काही पदार्थांवर प्रकाश टाकला असता ते स्वतः निराळ्या रंगाने प्रकाशतात. स्पिरिटात कालवलेली हळद जंबुपार दिव्याखाली हिरवट पिवळी चमकते. दिवा मालवताच ती चमकही नाहीशी होते. हे अनुस्फुरण. असे पदार्थ खूण म्हणून शरीरात सोडतात खरे, परंतु त्यांना चेतविण्यासाठी दिवा सतत पाजळत ठेवावा लागतो, आणि त्या दिव्याने आपली त्वचा व मांसही थोडेबहुत चमकू लागते. मग खुणेचा उजेड कोणता आणि देहाचा कोणता, हे कसे ओळखावे?

दिवा मालवल्यावरही जो उजेड रेंगाळतो, त्यास प्रस्फुरण म्हणतात. देहाची चमक क्षणार्धात विझते, खूण तेवढी उजळत राहते. रेणूतील इलेक्ट्रॉनांची जोडी सामान्यतः परस्परविरुद्ध फिरत असते. प्रकाश शोषून वरच्या पातळीवर गेलेल्या इलेक्ट्रॉनाची फिरकी कधी उलटते, आणि मग त्याची परतीची वाट निसर्गनियमाने जवळजवळ बंद होते. तो रखडत परततो, म्हणून उजेडही रेंगाळतो. लुइस व काशा ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ साली हे कारण मांडले; मात्र त्यांचे रेणू द्रवरूप हवेच्या थंडीत काचेप्रमाणे गोठविलेले होते. नेहमीच्या उष्णतेत रेणू थरथरतात व ती शक्ती उष्णतेत विरते. उरलीसुरली हवेतील ऑक्सिजन हिरावून घेतो.

छतास चिकटविण्याच्या चमकत्या चांदण्यांत असणारे खनिज तासन् तास उजळते, हे खरे. परंतु धातूंचे असे कठीण कण रक्तात सोडणे कितपत निर्धोक? म्हणून कार्बनी, म्हणजे सेंद्रिय, पदार्थांचा शोध चालू झाला. २०१७ साली जपानच्या क्युशू विद्यापीठात काबे व अदाची यांनी दोन साध्या सेंद्रिय पदार्थांच्या मिश्रणातून तासाहून अधिक काळ टिकणारा उजेड मिळविला. पण हवा लागली की तो मंदावे. शरीरात तर पाणीही आहे आणि ऑक्सिजनही! २०१८ साली बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात सुबी जॉर्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅपोनाइट नावाच्या मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांशी असे रेणू जखडून प्रत्यक्ष पाण्यात प्रस्फुरण घडवून आणले. थरथर थांबविण्याचे काम पूर्वी थंडीने केले, ते येथे मातीने केले. आम्हांस ह्या साऱ्या कथेतील हा भाग सर्वांत गोड वाटतो.

सिंगापुरात कान्यी पू यांच्या गटाने २०१७ साली निराळाच मार्ग धरला. त्यांचे कण मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाहूनही लहान, सेंद्रिय बहुवारिकांचे. काटेकोर अर्थाने हे प्रस्फुरण नव्हे: प्रकाशाने चेतविलेला ऑक्सिजन कणांतच एक अस्थिर संयुग घडवितो, आणि ते सावकाश मोडताना उजेड देते. शत्रूलाच चाकरीस लावले म्हणा ना! हा उजेड तांबड्या रंगाच्या पलीकडचा असतो. अंधारात विजेरी तळहाताशी धरून पाहा, मांसातून तांबडा प्रकाशच तेवढा पार येतो. रंगाची निवड अशी का, ते कळेल. जिवंत उंदरातील गाठी ह्या कणांनी अनुस्फुरणाच्या तुलनेत १२७ पटींपर्यंत अधिक ठळक दिसल्या.

मनुष्याची गोष्ट मात्र वेगळी. उंदीर दोन बोटे जाडीचा, आणि आपले यकृत त्वचेखाली बरेच खोल. तेथवर चेतविणारा प्रकाश पोचविणे व तेथून मंद उजेड बाहेर आणणे, दोन्ही कठीण. म्हणून शस्त्रवैद्याने पोट उघडल्यावर गाठीची कड नेमकी कोठे संपते, हे दिवे मालवून पाहण्यास ह्या पदार्थांचा उपयोग प्रथम व्हावा, असे आम्हांस वाटते. तेथे एक तीळभर भाग मागे राहिला तरी रोग पुन्हा उद्भवू शकतो.