गोळी आणि गोळी देणारा हात

घरात कुणाला ताप आला की आपला हात आपोआप त्याच्या कपाळावर जातो. मन आजारी पडले म्हणजे मात्र हात कोठे ठेवावा, हेच घरच्यांना उमगत नाही. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या आजाराच्या परिचर्येविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी वैद्य नाही, शिक्षक आहे. पण आमच्या इंद्रवेल्लीत एका विद्यार्थ्याचे जे झाले, त्याने मला या विषयाकडे वळविले.

मुलगा हुशार होता. दहावीनंतर तो अबोल झाला. भिंतीआडून माणसे आपली निंदा करतात, असे सांगू लागला. घरच्यांनी आधी देवऋषी पाहिला, मग आदिलाबादचा दवाखाना गाठला. औषध लागू पडले आणि काही महिन्यांत तो वडिलांबरोबर कापूस वेचू लागला. ‘आता बरा झाला, गोळ्या कशाला?’ म्हणून घरच्यांनी त्या थांबविल्या. केसलापूरला नागोबाची जत्रा भरली, तेव्हा तो पुन्हा रात्ररात्र जागत होता. औषध खोटे नव्हते आणि आईची मायाही खोटी नव्हती. औषध घरी कसे सांभाळावे, हे मात्र त्या घराला कुणी समजावून सांगितले नव्हते.

या आजारावर औषध आहे, ही गोष्ट फार जुनी नाही. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५० च्या अखेरीस फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन तयार झाले, आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात डिले व डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिले. पुढे या जातीची अनेक औषधे निघाली. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचा अतिरेकी प्रभाव ती आवरतात. अस्वस्थता काही दिवसांत कमी होते. आवाज आणि संशय ओसरण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. आवाज थांबले म्हणजे आजार गेला, असे नव्हे. बांध घातल्यावर पाणी अडते. म्हणून कुणी बांध फोडीत नाही. गोळी कमी करणे वा बंद करणे, हा निर्णय डॉक्टरांचाच.

परिचर्येचे पहिले काम, गोळी खरोखर पोटात गेली की नाही, हे पाहणे. काही रुग्ण ती गालात धरून ठेवतात व मागाहून थुंकतात. तेव्हा रागावू नये. का नकोशी वाटते, ते विचारावे. बहुधा त्यामागे खरा त्रास असतो. जुन्या औषधांनी हात थरथरतात, अंग ताठरते, एका जागी बसवत नाही. नव्यांपैकी काहींनी वजन व रक्तातील साखर वाढते. हे डॉक्टरांना सांगितल्यास औषध वा मात्रा बदलता येते. रोज गोळी घेणे जमत नसेल, तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यावयाची इंजेक्शनेही आहेत. परंतु तीव्र ताप, ताठरलेले अंग आणि हरपलेली शुद्ध ही लक्षणे एकत्र दिसली, तर क्षणही न दवडता इस्पितळ गाठावे. क्लोझापीन घेणाऱ्याची रक्ततपासणी चुकवू नये. त्याला ताप आला वा घसा दुखू लागला, तर ती लगेच करावी.

दुसरे काम संभाषणाचे. ‘असले आवाज नसतातच’ असा वाद घालू नये, आणि ‘हो, मलाही ऐकू येतात’ असे खोटेही बोलू नये. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्याचा त्रास होतो, हे मला कळते,’ इतके म्हणावे. आवाज काय सांगतात, हेही शांतपणे विचारावे. ते जिवाचे बरेवाईट करण्यास सांगत असतील, तर रुग्णास एकटे सोडू नये. कपाशीवरच्या औषधाचे डबे कुलपात ठेवावेत आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवून दिले की, ज्या घरात सतत टोमणे व टीका असते, तेथे आजार अधिक वेळा उलटतो. शांत घर हेही औषधच होय.

तिसरे काम, परिचर्या करणाऱ्याने स्वतःस जपण्याचे. मूळचे महाराष्ट्राचे आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरीच हा आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने निघाला. या चळवळीत रुग्णास ‘शुभार्थी’ व त्याच्या सोबत्यास ‘शुभंकर’ म्हणतात. एकाचे शुभ व्हावयाचे आहे, दुसरा ते घडविणारा आहे. ‘वेडा’ या एका शब्दाने माणूस गावाबाहेर पडतो. ‘शुभार्थी’ म्हटले की तो घरात परत येतो.

हैदराबादचे एर्रागड्डा येथील मोठे मनोरुग्णालय आमच्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. रोजची परिचारिका म्हणजे आई, बहीण, पत्नीच. सल्ल्यासाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’चा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. माझा विद्यार्थी आज पुन्हा औषध घेतो, शेतात जातो. यंदा जत्रेला निघताना त्याच्या आईने शिदोरीबरोबर गोळ्यांची पुडीही आठवणीने बांधून घेतली. परिचर्या म्हणतात ती हीच.