न उघडलेल्या खोक्यांची सत्तर वर्षं

१९५२ साली एअरफिक्स या कंपनीने ब्रिटनमधल्या वूलवर्थच्या दुकानांसाठी 'गोल्डन हाइंड' या जहाजाचा, सुटे भाग जोडून मॉडेल करायचा किट काढला. त्याला खोका नव्हता. प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या तोंडाशी घडी घातलेला छापील कागद आणि किंमत दोन शिलिंग. पुढच्या वर्षी स्पिटफायर आलं, तेही तसंच पिशवीतून. सुटे भाग मोजके, रंगाचा आग्रह नाही. शनिवारी खाऊच्या पैशांतून घेतलेलं विमान रविवारी दोऱ्याने छताला टांगलेलं असायचं. घेतलेला किट पडून राहायला त्यात जागाच नव्हती.

आज किट जोडण्याच्या या छंदातल्या कुणाच्याही घरी जा. कपाटावर, पलंगाखाली, माळ्यावर खोके असतात, आणि बऱ्याच खोक्यांवरचं पारदर्शक वेष्टणही निघालेलं नसतं. माझ्याकडेही ते आहेत. 'हा कशाला घेतला होता?' अशी हळहळ मॉडेल करणाऱ्यांच्या गप्पांत हमखास निघते, आणि मन आवरता येत नाही म्हणून असं होतं, असं म्हणून विषय संपवला जातो. मला हे कारण अपुरं वाटतं. या सत्तर वर्षांत किट जोडायला लागणारा वेळ वाढत गेला आणि किट विकत घ्यायला लागणारा वेळ कमी होत गेला. न उघडलेले खोके त्या वाढत्या अंतरात साठलेले आहेत.

पहिला मोठा बदल चित्राने केला. रॉय क्रॉस १९६४मध्ये एअरफिक्ससाठी खोक्यांवरची चित्रं काढू लागले आणि पुढची दहा वर्षं काढत राहिले. विमानाचा पत्रा, रिव्हेट, धुराची रेघ, खालचा समुद्र, सगळं त्यांच्या हातात होतं. जपानमध्ये शिझुओकाच्या तामियाला हाच धडा नुकसानीतून मिळाला. लाकडी मॉडेलं बनवणाऱ्या या कंपनीने १९६०मध्ये 'यामातो' युद्धनौकेचा आपला पहिला प्लॅस्टिक किट काढला, पण तसाच किट स्पर्धकाने स्वस्तात विकला. त्यानंतर तामियाने पँथर रणगाडा घेतला आणि खोक्यावरचं चित्र शिगेरू कोमात्सुझाकी यांच्याकडून करून घेतलं. तो किट धडाक्यात खपला. त्या रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या, त्यांच्या मापाने त्याचं प्रमाण १/३५ ठरलं, आणि आज जगभर लष्करी वाहनांचे किट त्याच प्रमाणात निघतात. चित्र पाहून खोका उचलणारा माणूस सुटे भाग विकत घेत नाही, तयार झालेलं विमान विकत घेतो. त्या दोहोंमधले कित्येक आठवडे त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर नसतात.

तरी साठच्या दशकात ते आठवडे थोडेच होते. मग किटच मोठे होऊ लागले. एअरफिक्सचं १/२४ प्रमाणातलं स्पिटफायर १९७०मध्ये आलं आणि छंद पोराटोरांच्या हातून मोठ्यांकडे सरकायला लागला. १९७३च्या तेलसंकटाने प्लॅस्टिक महाग झालं, मुलं दुसऱ्या खेळांकडे वळली, १९८१मध्ये एअरफिक्सचं दिवाळं निघालं आणि कंपनी विकली गेली. छंद टिकला तो ज्यांनी लहानपणी पिशव्या फोडल्या होत्या त्यांच्यामुळे. आता त्यांच्याकडे पैसा होता, पण वेळ नव्हता. कंपन्यांनीही त्यांच्या आवडीनुसार किट घडवले. उठावदार रेघांच्या जागी पत्र्यांच्या जोडांच्या बारीक कोरीव रेघा आल्या. कॉकपिटसाठी रेझिनचे भाग, सीटच्या पट्ट्यांसाठी पितळेचे कोरलेले पत्रे वेगळे मिळू लागले. एअरफिक्सच्या २०१४च्या १/२४ टायफूनमध्ये पाचशेहून जास्त भाग आहेत. असा किट नोकरी सांभाळून, एअरब्रश धूत, पुट्टी सुकायची वाट बघत करायचा तर त्यात महिने जातात. मागवायला मात्र एक मिनिटही लागत नाही.

त्यात भीतीची भर पडली. किट सतत बनत नाहीत. साचा यंत्रावर चढवायचा, काही हजार नग काढायचे, साचा बाजूला ठेवायचा. पुढची खेप कधी येईल ते सांगता येत नाही. न्यूझीलंडची विंगनट विंग्ज ही पीटर जॅक्सन यांची कंपनी २००९मध्ये पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे १/३२ किट घेऊन आली. जोडणीच्या पुस्तिकेत त्या काळची छायाचित्रं, भाग एकमेकांत नेमके बसणारे. २०२०मध्ये ती बंद झाली आणि उरलेल्या खोक्यांचे भाव पाहता पाहता चढले. त्यानंतर 'आत्ता घेतला नाही तर कधीच नाही' हे वाक्य कुणाच्याही तोंडी खरं वाटू लागलं. दोऱ्या ताणायची दुपंखी विमानं ज्यांना कधी करायचीच नव्हती, अशांनीही ती घेतली. मला या खरेदीचं सर्वांत वाईट वाटतं. त्यात वस्तूची ओढ नव्हती, ती हातची जाईल ही धास्ती होती.

भारतात ती धास्ती फार आधीपासून होती आणि तिला कारणही होतं. परदेशातून येणाऱ्या कुणा नातेवाइकाच्या बॅगेत एखादा किट यायचा, नाहीतर मुंबई-पुण्याच्या एखाद्या दुकानात अचानक दिसायचा, आणि दिसला की घ्यायचा. नंतर ऑनलाइन मागवणं सोपं झालं, पण फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं. सुटे भाग जोडून करायची मॉडेलं त्याच शीर्षकाखाली मोडतात. दिसेल ते पटकन घेण्याची सवय अशा बाजारात लागली तर तिला उधळपट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पण त्या घाईची किंमत काय असते, हे नॅटच्या किटने आपल्याकडच्या अनेकांना दाखवलं. भारतीय हवाई दलाचे वैमानिक निर्मलजित सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर ज्या नॅटमधून लढले, ते एक आसनी लढाऊ विमान होतं. एअरफिक्सचा १/७२ नॅट पाहिला की भारतीय माणसाचा हात आपोआप त्याकडे जायचा. तो किट मात्र ब्रिटिश हवाई दलाच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा, रेड अॅरोज या कसरती करणाऱ्या पथकाच्या नॅटचा. मागची सीट काढून आणि काच बदलून त्याचं सेखोंचं विमान होत नाही. प्रशिक्षण विमानाचा सांगाडा लांब आहे, पंखही मोठा आहे. दुकानात खोक्याची बाजू नीट वाचली असती तर हे तिथेच कळलं असतं. पण नॅट हे नाव वाचल्यावर पुढचं कोण वाचतो?

आणि खोका नुसता थांबून राहत नाही. पंधरा-वीस वर्षांनी उघडलेल्या एका खोक्यात मी हे जवळून पाहिलं. डेकलच्या, म्हणजे विमानावर चिकटवायच्या आकडे-चिन्हांच्या, कागदाची कड पिवळी पडलेली होती, पांढरे आकडे चहाच्या रंगाचे झालेले. मऊ रबरी टायर एका पंखाला टेकून राहिला होता आणि त्याच्या आकाराचा खळगा पंखात उतरला होता. मऊ प्लॅस्टिकमधली द्रव्यं बाहेर झिरपतात आणि पॉलिस्टायरीन विरघळवतात, त्यामुळे असं होतं. डेकल उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवली तर पिवळेपणा बराचसा निघतो. पंख भरून घासावा लागतो आणि त्या भागावरच्या रेघा पुन्हा कोराव्या लागतात. शिवाय तोवर नवा किट आलेला असतो. तामियाचं १/४८ बीएफ-१०९ जी-६ २०१८मध्ये आलं, पी-३८ २०१९मध्ये. त्याच विमानांच्या जुन्या किटसाठी घेतलेले रेझिनचे कॉकपिट नव्यात बसत नाहीत आणि जुना किट उघडायची इच्छा उरत नाही. खोक्याइतकंच त्या छोट्या पाकिटांचंही वाईट वाटतं, कारण ती दुसऱ्या कुणाला द्यावीत तर त्यालाही तोच जुना किट हवा असावा लागतो.

मागे वळून पाहताना ज्या खोक्यांची मला हळहळ वाटत नाही, त्यांत एक साम्य दिसतं. ते घेताना मला एक विशिष्ट विमान करायचं होतं. मिग-२१चं तसं आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं परवान्याने बांधली गेली, आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदिगडमध्ये भारतीय हवाई दलाने या विमानाला निरोप दिला. त्या आठवड्यात आणखी एक मिग मागवावा असं मलाही फार वाटलं. पण माझ्याकडच्या खोक्याला आधीच काम नेमून दिलेलं आहे. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करणाऱ्या एफएल प्रकारच्या मिगपैकी एक मला करायचा आहे. युद्धाच्या तोंडावर या विमानांच्या उघड्या धातूवर घाईघाईने रंग चढवले गेले. त्यामुळे एकाच्या अंगावरची नक्षी दुसऱ्याशी जुळत नाही आणि खोक्यातल्या रंगपत्रिकेवर भिस्त ठेवता येत नाही. दोन्ही बाजू दिसतील अशी एकाच विमानाची छायाचित्रं मी शोधतो आहे. डाव्या बाजूचं एक मिळालं आहे, उजव्या बाजूचं अजून मिळायचं आहे.