पाण्याची खोली आणि पाणकणीस: एका आकड्यावर थांबू नका

संशोधनाच्या प्रस्तावात बरेच जण असा प्रश्न मांडतात: ‘पाण्याची खोली वाढली की पाणकणीस कमी होतं का?’ प्रश्न सोपा वाटतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न दडलेत.

आधी ओळख. पाणकणीस म्हणजे टायफा. दिसायला गवतासारखं, पण गवताच्या कुळातलं नाही. परदेशीही नाही, तरी उथळ पाण्यात शिरलं की बाकीच्या वनस्पतींना जागा ठेवत नाही.

पहिला प्रश्न रुजण्याचा. एका कणसातून लाखाहून अधिक बिया वाऱ्यावर उडू शकतात. रोप उभं राहायला ओला चिखल किंवा जेमतेम काही सेंटीमीटर पाणी लागतं, आणि उजेड.

दुसरा प्रश्न पसरण्याचा. रोप स्थिरावलं की चिखलातलं आडवं खोड, म्हणजे रायझोम, नवे कोंब काढत पुढे सरकतं. पानांतल्या पोकळ्यांतून हवा खाली पोचते. त्यामुळे मोठं झाड मीटरभर पाण्यातही टिकतं. पानं पाण्याखाली कापली आणि पाणी वर राहिलं, तर मात्र हा हवेचा रस्ता बंद होतो आणि रायझोम गुदमरतं.

आता आपल्याकडे बघा. नांदेडचा विष्णुपुरी असो की लातूरला पाणी देणारं मांजरा धरण, पाण्याची कड वर्षभर सरकत असते. २०१६ मध्ये तर मांजरा आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वेळी एरवी पाण्याखाली असणारा चिखल उघडा पडतो. पुढे पाणी भरलं की तुम्ही तिथे मीटरभर खोली मोजाल आणि लिहाल, ‘खोलीचा फरक पडत नाही’. पण झाड रुजलं तेव्हा तिथे पाणी नव्हतंच! हा निष्कर्ष धरून कुणी तलाव अवेळी उतरवला, तर बियांना आयता वाफा मिळेल.

आणखी एक गोष्ट. उघड्या पडलेल्या जमिनीवर आपल्याकडे गाळपेर होते, गुरं चरतात. त्याचाही परिणाम असतो. भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८२ साली चराई बंद झाली आणि पासपालम गवत माजलं.

म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी घाला:

१. खोली दर महिन्याला, ठरलेल्या खुणेवरच मोजा.
२. कोंब उकरून बघा: बियाचा की रायझोमचा?
३. नांगरट आणि चराईची नोंद ठेवा.

शक्य असेल तर टबमध्ये बिया आणि रायझोमचे तुकडे वेगवेगळे लावून, दोन्हींना सारख्याच खोल्या द्या. दोन प्रश्न तिथेच सुटे होतील.